गाडीघोडा: कूलंटची बाटली नसली तर चालते का?

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीची डिझेल जीप आहे. कापूस बाजारात नेणे, मजुरांना शेतावर पोहोचवणे आणि लग्नसराईत पाहुणे आणणे ही सगळी कामे तीच करते. गेल्या मार्चमध्ये बॉनेटखालची कूलंटची प्लास्टिकची बाटली तडकली. गावच्या मिस्त्रींनी ती काढून टाकली, रेडिएटरच्या तोंडाशी असलेली बारीक नळी खाली मोकळी सोडली आणि "जुन्या जीपले कुठं होती बाटली?" असे म्हणून विषय संपवला. तेव्हापासून दर आठवड्याला झाकण उघडले की पाणी बोटाच्या जाडीइतके खाली गेलेले दिसते आणि मी बोअरचे पाणी घालून रेडिएटर काठोकाठ भरतो. गाडी तशी गरम होत नाही. बाटली खरोखर आवश्यक आहे, की नसती तरी चालणारी वस्तू आहे?
(एक शेतकरी वाचक, ता. अकोट, जि. अकोला)

उत्तर : आपल्या मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते खोडून काढणे जड जाते. जुन्या जीपगाड्यांना बाटली नव्हती हे त्यांनी बरोबर सांगितले. आपल्या गावात एखादा जुना ट्रॅक्टर असेल तर त्याचे बॉनेट उघडून पाहा. रेडिएटरच्या तोंडापासून निघालेली एक नळी सरळ जमिनीकडे गेलेली दिसेल आणि बाटली कुठेच दिसणार नाही. मात्र त्या रेडिएटरची वरची टाकी मुद्दाम मोठी ठेवलेली असे आणि पाणी तोंडापासून सुमारे इंचभर खाली राहील इतकेच भरायचे, असा नियम असे. ती इंचभर रिकामी जागा हीच त्या गाडीची बाटली होती. मिस्त्रींनी आपल्या गाडीची बाटली काढली, पण तिच्यासोबत येणारा हा नियम आपल्याला सांगायचा राहून गेला.

पाणी तापले की फुगते, आणि सगळा प्रश्न तेवढ्यावरच उभा आहे. साधारण 25 अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी 95 अंशांपर्यंत तापले तर ते सुमारे 35 मिलिलिटरने वाढते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचे द्रव, घातलेले पाणी त्याहून थोडे अधिक वाढते. आपल्या जीपच्या इंजिनात, रेडिएटरमध्ये आणि पाइपांत मिळून सात लिटर पाणी आहे असे धरले तर प्रत्येक वेळी गाडी पूर्ण तापल्यावर पाव लिटर पाण्याला, म्हणजे घरच्या चहाच्या दोन-तीन कपांइतक्या पाण्याला, आत जागा उरत नाही. पाणी दाबून लहान करता येत नाही, म्हणून ते कुठे तरी जाणारच. जुन्या गाडीत ते वरच्या रिकाम्या जागेत जात असे, बाटली असलेल्या गाडीत ते बाटलीत जाते आणि आपल्या गाडीत ते सध्या रस्त्यावर जात आहे.

आता गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून हातात घ्या आणि उलटे करून पाहा. एका जाड स्प्रिंगच्या टोकाला रबराची चकती बसवलेली दिसेल. ही चकती रेडिएटरच्या तोंडातल्या आतल्या कडेवर दाबून बसते आणि आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत धरून ठेवते. ती मर्यादा झाकणावर 0.9 किंवा 1.1 अशा आकड्याने छापलेली असते. आपल्या स्वयंपाकघरातला कुकरही जवळपास इतक्याच दाबावर चालतो, आणि कुकरमध्ये पाणी 100 अंशांना न उकळता 120 अंशांच्या आसपास उकळते तोच लाभ इंजिनाला मिळतो. त्या चकतीच्या मधोमध रुपयाहून लहान अशी पितळेची टिकली असते. नखाने ती हलकेच ओढली तर खाली येते आणि सोडली की परत बसते, किंवा काही झाकणांत ती थोडी सैल लोंबत असते. ही दुसरी, उलट दिशेची झडप. गाडी थंड होऊ लागली की आतले पाणी आकसते, आत ओढ निर्माण होते, ही टिकली उघडते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जे काही असेल ते आत खेचले जाते. त्या टोकाला कूलंटने भरलेली बाटली असेल तर कूलंट आत येते. टोक मोकळे लोंबत असेल तर हवा येते, आणि रस्त्यावरची धूळही.

याचा अर्थ असा की आपली गाडी पाणी खात नाही. आपण काठोकाठ भरता, पहिल्याच फेरीत ती फुगलेले पाणी बाहेर टाकते, रात्री थंड होताना तेवढी हवा आत घेते आणि मग पाणी तिला हवे त्या पातळीवर स्थिर राहते. वरची टाकी 40 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर रुंद धरली तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 240 मिलिलिटर होते. आपण लिहिलेली बोटाच्या जाडीइतकी घट या हिशेबाशी चांगली जुळते. खात्री करायची असेल तर पुढचे दोन आठवडे पाणी घालू नका. सकाळी इंजिन थंड असताना झाकण काढून तुरीची किंवा पऱ्हाटीची एक स्वच्छ काडी आत उभी धरा आणि पाण्याच्या पातळीवर नखाने खूण करा. दोन आठवड्यांनंतर पाणी त्याच खुणेवर असेल तर गळती नाही. खुणेच्या खाली जात राहिले तर मात्र पाण्याचा पंप, होज पाइपांच्या क्लिपा आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली पातळ पट्टी) यांची तपासणी करून घ्यावी लागेल, आणि तो वेगळा विषय आहे.

मग काठोकाठ भरणे थांबवले की बाटलीशिवाय भागले, असे आपण म्हणाल. गाडी चालेल, हे मी नाकारत नाही. तरीही आपण बाटली पुन्हा बसवावी असे मला वाटते, आणि त्यामागचे माझे मुख्य कारण आपल्या पत्त्यात आहे.

अकोट तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने चहा फाटतो, डाळ शिजत नाही आणि हंड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, हे आपल्याला मी सांगायला नको. तेच पाणी आपण दर आठवड्याला पावशेर या मापाने इंजिनात ओतत आहात. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार उष्णतेने सुटतो आणि इंजिनाच्या आतल्या तप्त भिंतीवर व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिकटतो. मिठाचा अंश, विशेषतः क्लोराइड, अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना बारीक छिद्रे पाडतो. एकदा भरलेले पाणी वर्षभर बदलले नाही तर त्यातला क्षार एकदाच सुटून संपतो. आपल्या पद्धतीत मात्र दर आठवड्याला नवा क्षार आत जातो, वर्षाला तेरा लिटर पाण्याचा, म्हणजे सबंध यंत्रणा जवळपास दोनदा भरावी इतक्या पाण्याचा.

शिवाय गाडी जे बाहेर टाकते ते नुसते पाणी नसते. मार्चमध्ये आपल्या रेडिएटरमध्ये निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी होते असे समजू. सात लिटरांतून दर आठवड्याला पाव लिटर मिश्रण गेले आणि त्याच्या जागी साधे पाणी आले तर सहा महिन्यांत 50 टक्क्यांचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास घसरते. कूलंटमध्ये उकळबिंदू वाढवणारे ग्लायकॉल असते त्याबरोबर गंज रोखणारी रसायनेही असतात, आणि ती त्याच हिशेबाने ओसरतात. आत येणाऱ्या हवेतला प्राणवायू मग लोखंडाला मोकळेपणी गंज चढवतो. आपण झाकण उघडता तेव्हा पाण्याचा रंग हिरवा किंवा गुलाबी दिसतो की गेरूसारखा, हे पत्रात लिहिलेले नाही. माझा अंदाज गेरूचा आहे.

बाटली इंजिन थंड ठेवत नाही, ती रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला ठेवते. फुगलेले मिश्रण सांभाळायचे आणि आकसताना तेच परत द्यायचे, एवढे तिचे काम आहे. हे काम किती मोलाचे ठरू शकते ते वाळवंटात पाणी घेऊन फिरणाऱ्यांनी आधी ओळखले. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने 1920च्या दशकाच्या अखेरीस इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्यांतून दूरदूरचे प्रवास केले. उकळून उडून जाणारे पाणी तिथे परवडणारे नव्हते, म्हणून त्याने रेडिएटरची बाहेर सोडणारी नळी बंद करून तोंडापासून एक नळी गाडीच्या बाजूला बांधलेल्या, निम्मे पाणी भरलेल्या डब्यात सोडली. उकळलेल्या पाण्याची वाफ डब्यातल्या थंड पाण्यात जिरे, आणि गाडी थांबवून थंड होऊ दिली की डब्यातले पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. पुढे 1940मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांनाही हीच सोय होती. पाण्याचा एकेक पेला जपणाऱ्या माणसाला जे सुचले तेच आपल्या तडकलेल्या बाटलीत होते. आपल्याकडे गोडे पाणी बाहेरून आणावे लागते, तेव्हा आपली स्थिती त्याच्यापेक्षा फार वेगळी नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. आपल्या गाडीच्या मॉडेलची बाटली स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते आणि हेड उघडण्याच्या मजुरीपुढे तिची किंमत काहीच नाही. बाटलीसोबत रेडिएटरचे झाकणही नवे घ्या, जुन्यावरचाच आकडा पाहून घ्या, आणि घेताना एक गोष्ट अवश्य तपासा. बाटली असलेल्या गाडीच्या झाकणाला दोन रबरे लागतात: एक स्प्रिंगच्या टोकाला आणि दुसरे वर, झाकणाच्या छताला चिकटून. हे वरचे रबर तोंडाची बाहेरची कड बंद करते. ते नसेल किंवा कडक झालेले असेल तर थंड होताना बाटलीतले कूलंट ओढले जाण्याऐवजी झाकणाच्या कडेने हवा शिरते. बाटली भरलेली, पण रेडिएटर मात्र खाली, अशा तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते, आणि लोक उगाच पंप बदलून बसतात.

नळीचे बाटलीतले टोक तळाजवळ, नेहमी कूलंटमध्ये बुडलेले राहील असे ठेवावे. बाटलीचे स्वतःचे झाकण हवाबंद नसते, त्याला बारीक छिद्र असते. ते बुजवू नये. जुने पाणी पूर्ण काढून, स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, नंतर तयार मिश्रण किंवा निम्मे कूलंट व निम्मे बॅटरीचे पाणी भरावे. बॅटरीचे पाणी मागताना दुकानदाराने अ‍ॅसिडचा कॅन दिला नाही ना, एवढे लेबल वाचून घ्या. पावसाळ्यात पहिले काही पाऊस सोडून पत्र्यावरचे पाणी गाळून साठवले तर तेही खारपाणपट्ट्यातल्या कोणत्याही बोअरपेक्षा सरस आहे. रेडिएटर तोंडापर्यंत आणि बाटली थंड गाडीत दोन खुणांच्या मध्ये भरा, आणि पुढे पाहायचे ते फक्त बाटलीकडे. तप्त रेडिएटरचे झाकण उघडण्याची वेळच मग येत नाही. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी परतवाडा ते चिखलदरा घाटात मे महिन्याच्या दुपारी ती घाई केली होती. दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळले, झाकण हातातून उडाले आणि मनगटावर अजून त्याची खूण आहे.

आणखी एक सांगणे अंगणासाठी. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि मूत्रपिंडे निकामी करणारे विष असते. मोकळ्या नळीतून गोठ्याजवळ सांडलेले थारोळे कुत्रा, शेळी किंवा वासरू चाटू शकते. आपण गाडी जिथे उभी करता तिथे जनावरे बांधलेली असतील तर, नवी बाटली येईपर्यंत, नळीखाली निदान एक डबा तरी अडकवून ठेवा.

प्रश्न : बाटलीऐवजी पिण्याच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली तारेने बांधली तर काय हरकत आहे? आमच्याकडे अनेक काळी-पिवळीवाले असे करतात.
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तत्त्व बरोबर आहे, वस्तू चुकीची आहे. त्या पातळ बाटलीचे प्लास्टिक 70-75 अंशांनंतर मऊ पडते, आणि तिच्यात येणारे पाणी त्याहून गरम असू शकते. ती आकसते, वाकते, नळी बाहेर निसटते आणि चालकाला ते कळतही नाही. जोडकाम करायचेच असेल तर इंजिन ऑइलचा जाड कॅन आतून साबणाने स्वच्छ धुऊन वापरता येईल, झाकणाला छिद्र पाडून आणि नळी तळापर्यंत सोडून. फवारणीच्या औषधाचा कॅन मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नये. आणि हिरवे किंवा गुलाबी कूलंट पिण्याच्या बाटलीत ठेवण्याची कल्पनाच मला पसंत नाही, कारण घरातली लहान मुले ते सरबत समजतात.

प्रश्न : माझी कार सात वर्षांची आहे. तिच्या रेडिएटरला झाकणच नाही. झाकण आहे ते बाजूच्या पांढऱ्या टाकीला. त्या टाकीला सांध्याजवळ केसाएवढी चीर गेली आहे. गॅरेजवाले दादा म्हणतात, एपॉक्सीचा लेप लावू, किंवा टाकी बाजूला काढून नळ्या एकमेकींना जोडून देऊ.
(एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : दोन्ही करू नका. वरच्या प्रश्नातली बाटली आणि आपली टाकी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे काम वेगळे आहे. जीपची बाटली दाबाच्या बाहेर असते, झाकणाच्या पलीकडे. ती फुटली तरी इंजिनातला दाब टिकतो. आपली टाकी दाबाच्या आत असते. दाब धरणारे झाकण तिच्यावरच आहे, गरम कूलंट तिच्यातून सतत फिरते आणि त्यातली हवा वर येऊन तिच्यातच वेगळी होते. टाकी काढून नळ्या जोडल्या तर फुगण्याला जागा नाही, हवा निघायला वाट नाही आणि दाब सोडणारी झडपही नाही. पहिल्या लांबच्या चढाला एखादा पाइप किंवा रेडिएटरचा प्लास्टिकचा सांधा फुटेल, ते गॅस्केटपर्यंतही जाऊ शकते.

लेपाचे म्हणाल तर या टाक्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकला एपॉक्सी धड चिकटत नाही. थंड असताना घट्ट वाटते, गरम दाबाखाली पापुद्र्यासारखे सुटते. दाब गेला की काय होते ते चिखलदऱ्याच्या उदाहरणाने सांगता येईल. सुमारे 1,100 मीटर उंचीवर साधे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते. फुटक्या टाकीची गाडी तिथवर चढवली आणि आत बहुतांशी पाणीच असेल तर इंजिनाच्या नेहमीच्या तापमानालाच आत वाफ होऊ लागते. आणि तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडला तर डॅशबोर्डावरचा काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. काटा खाली आला म्हणून निर्धास्त झालेल्या गाडीचे हेड वाकलेले मी पाहिले आहे. नवी टाकी आणि नवे झाकण घ्या. तोवर गाडी लांबच्या रस्त्यावर काढू नका.

प्रश्न : माझ्या गाडीच्या बाटलीत कूलंट वर चढते, पण सकाळी परत खाली येत नाही. दोनदा बाटली भरून वाहिली.
(एक वाचक, ता. देवरी, जि. गोंदिया)

उत्तर : आधी स्वस्त शक्यता तपासा. झाकणातली पितळेची टिकली क्षाराने चिकटली आहे का, वरचे रबर कडक झाले आहे का आणि रेडिएटर ते बाटली ही नळी कुठे चिरलेली आहे का, हे पाहा. नळी चिरलेली असेल तर जाताना कूलंट थेंबभर गळते आणि येताना चिरेतून हवा ओढली जाते. हे सगळे ठीक असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करून बाटलीत बुडलेल्या नळीच्या टोकाकडे एक-दोन मिनिटे लक्ष ठेवा. इंजिन अजून कोमट असतानाच तिथून एकसारखे बुडबुडे येत असतील आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप लगेच दगडासारखा कडक होत असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. बाटलीच्या तोंडाशी धुराचा वासही येईल. तशा वेळी बाटली बदलून उपयोग नाही. हेड गॅस्केट तपासून घ्या आणि त्या दिवसापासून गाडी उभी करा.